मोसमकाठची चांदणी

मालेगाव म्हटले की घोड्याच्या शौकिनाला पहिल्याने आठवते ते नांदेडकडचे मालेगाव. लोहा तालुक्यातल्या त्या गावी मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते, आणि घोडी, गाढवे, खेचरे, उंट यांचा बाजार तिथे पाहण्यासारखा असतो. मी मालेगावी चाललो आहे म्हणताच माझे एक स्नेही डोळे मिचकावून म्हणाले, "येताना एखादे तट्टू घेऊन या!" मी त्यांना सांगितले, की माझे मालेगाव ते नव्हे. माझे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले. मागांचे, धुरळ्याचे, मोसम आणि गिरणा या दोन नद्यांच्या संगमाचे. तिथे घोड्याशी माझा काय संबंध येणार?

पण आला. आणि असा आला, की मावसभावाच्या मुलाच्या लग्नाला म्हणून गेलेला मी लग्नातली जेवणे विसरलो, व्याह्यांची नावे विसरलो, पण एका घोडीचे आठ दिवस मला तारीखवार आठवतात.

मालेगावला रेल्वे नाही. मनमाडला उतरायचे आणि पुढे एसटीने जायचे. मुंबई-आग्रा रस्ता या गावावरून जातो, त्यामुळे ट्रकांच्या रांगांतून वाट काढीतच गावात शिरावे लागते. मोसम पुलावर आले की गावाचे दोन तोंडवळे एकदम दिसतात. एका बाजूला कॅम्प, संगमेश्वर; तिथे अभंगाची आणि अहिराणीची कुजबूज. दुसऱ्या बाजूला दाट वस्ती, मशिदींचे मिनार, उर्दू पाट्या, आणि रात्रंदिवस चाललेली मागांची खटखट. उत्तर हिंदुस्थानातले विणकर एकोणिसाव्या शतकात आग्रा रस्त्याने इकडे आले आणि हातमाग मांडून बसले. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. नदीकाठी किल्ला आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1740 मध्ये तो बांधायला घेतला. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारोशंकर. 1818 च्या मे-जूनमध्ये या किल्ल्यातल्या अरबांनी इंग्रजांना पुरते जेरीस आणले होते. त्या काळी किल्ल्याच्या पागेत किती घोडी असतील आणि मोतद्दारांची केवढी धावपळ असेल, असा विचार तट पाहताना मनात येतो. आता तिथे शाळेच्या मुलांचा गलका असतो.

मी पोचलो तो शुक्रवार होता. मावसभावाने चहाचा कप हातात देता देताच कामगिरी सोपवली. "दादा, घोडीचं तुमच्याकडे. इसार दिलाय दोन हजार. पण चाचा लहरी माणूस आहे. रोज एक फेरी मारून आठवण ठेवा म्हणजे झालं." लग्न बुधवारी, गोरज मुहूर्तावर होते. नवरदेवाची मिरवणूक चार वाजता निघायची होती.

म्हणून मी त्या संध्याकाळी पूल ओलांडून चाचांच्या गल्लीत गेलो. चाचा एकेकाळी टांगा हाकीत. रिक्षा आल्या, टांगा मोडीत गेला. चाके एका भंगारवाल्याने नेली, पण घोड्याचा नाद काही कोणी नेला नाही. आता त्यांच्याकडे एकच घोडी, चांदणी. अंगाने नुकरी, म्हणजे शुभ्र, नाकपुड्यांभोवती गुलाबी, येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून तीन वर्षांची असताना आणलेली. हिंदूंचे नवरदेव तिच्यावर बसतात, मुसलमानांचे दुल्हे बसतात, आणि पौष पौर्णिमेला चंदनपुरीची यात्रा भरली की दोन दिवस ती तिकडेही जाऊन येते. चंदनपुरी गावापासून हाकेवर आहे. बाणाईसाठी खंडोबा धनगर होऊन राहिला तो इथेच, असे सांगतात. देवच घोड्यावरचा, तेव्हा भाविक पांढऱ्या घोडीच्या कपाळालाही भंडारा लावतात. चाचा तो पुसत नाहीत. "राहू द्या, तिला शोभतो," म्हणतात.

मी गेलो तेव्हा चांदणी अस्वस्थ होती. खुंट्याभोवती अर्धी फेरी मारी, थांबे, कान वळवी, पुन्हा फिरे. मला वाटले, मला पाहून बुजली असेल. चाचा एका डब्यावर बसून हातातल्या काठीने दुसऱ्या रिकाम्या डब्यावर ठेका धरीत होते. खट-खट, खट-खट. मला हे गृहस्थ थोडे कमी आहेत की काय, अशी शंका आली.

"आज जुम्मा आहे ना भाऊ," ते म्हणाले. "माग बंद. हिला आवाज पाहिजे."

मग उलगडा झाला. शुक्रवारी मागांना सुट्टी. आठवड्याचे सहा दिवस ती खटखट चांदणीच्या कानांत असते. ती तिची शांतता. सातव्या दिवशी गल्ली गप्प होते आणि घोडीला वाटते, काहीतरी घडले आहे. रानातल्या घोड्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. एकाएकी सारे रान चूप झाले, तर कुठेतरी वाघ आहे. माणसाच्या दावणीला पिढ्यान्पिढ्या राहूनही घोडा मनातून पळणाराच प्राणी राहिला. आपण बैलाच्या हिशेबाने त्याला मोजतो आणि 'अडेल', 'खोडसाळ' अशी विशेषणे लावून मोकळे होतो.

शनिवारपासून माझा नेम सुरू झाला. सकाळी आठाला आणि संध्याकाळी पाचला फेरी. पहिले दोन दिवस इसाराच्या रखवालीसाठी. पुढे, खरे सांगायचे तर, मौजेसाठी. एकाच जनावराकडे लागोपाठ आठ दिवस पाहिले म्हणजे काय काय दिसते!

शनिवारी चांदणी प्रसन्न होती. चाचांचे पाऊल गल्लीच्या तोंडाशी वाजताच तिने नाकातून हलके फुर्रर केले. मान खाली, एक मागचा पाय खुराच्या टोकावर सैल टेकलेला, खालचा ओठ लोंबता. चाचा म्हणाले, "हा तिचा इतवार." घोडा असा उभ्याउभ्या डुलक्या घेतो; पायांच्या सांध्यांत तशी सोयच निसर्गाने करून ठेवली आहे. पण गाढ झोप हवी तर त्याला आडवे व्हावेच लागते. ती झोप दिवसाकाठी अर्धा-पाऊण तासच असते, पण तीही तो चार-चार तुकड्यांत घेतो आणि आजूबाजूला निर्धास्त वाटले तरच घेतो. रात्री गल्लीत वरात आली, फटाके उडाले, की चांदणी आडवी होत नाही. आणि दोन रात्री ती झोप चुकली, की तिसऱ्या दिवशी तिचे तोंड वाकडे.

रविवारी वारा होता. त्या दिवशी ती कागदाच्या कपट्याला भ्याली. मी हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी मला तिच्या डोळ्यांची जागा दाखवली: डोकीच्या दोन्ही अंगांना. त्यामुळे तिला बसल्या जागी जवळजवळ सारे भोवताल दिसते, फक्त कपाळासमोरचा वीतभर भाग आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. म्हणून समोरून थेट कपाळावर हात नेला तर ती दचकते, आणि मागून गेले तर लाथ बसते. वारा सुटला की तिचे कान निकामी होतात, वास विस्कटतात, आणि सगळे हलू लागते. ज्याच्या सगळ्या पहारेकऱ्यांनी एकदम गोंधळ घातला आहे, तो कपट्याला भिणारच. "वाऱ्याच्या दिवशी मी हिला शिकवायला जात नाही," चाचा म्हणाले. मला माझे काही शिक्षक आठवले.

सोमवारी तिने चाचांच्या धाकट्या नातवाला चावण्याचा आव आणला. कान मानेला चिकटवलेले, शेपटीचे फटकारे. पोरगे रडू लागले. चाचांनी बोटांवर काही दिवस मोजले आणि "माघ लागला, दिवस मोठे व्हायला लागले," एवढेच म्हणाले. मी प्रश्नार्थक पाहिले तेव्हा जरा लाजून त्यांनी खुलासा केला, की वसंत जवळ आला म्हणजे घोडी माजावर येऊ लागते, दर एकवीस दिवसांनी, आणि त्या चार-सहा दिवसांत तिच्या कुशीला हात लावलेला तिला खपत नाही. पोराची चूक एवढीच, की त्याने खरारा नेमका तिथे फिरवला.

चाचांकडे वही नव्हती, पण हिशेब पक्का होता. चंदी किती वेळात संपली, तोबऱ्यात तळाशी काही उरले का, पाण्याच्या बादलीवर किती घोट घेतले, लीद किती वेळा, ओली की कोरडी, रात्री कोणत्या कुशीवर निजली. पाठीला चिकटलेल्या काडीवरून ते हे ओळखत. सकाळी नाकपुडीजवळ गाल नेऊन श्वास मोजीत. स्वस्थ घोड्याचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा, नाडी सुमारे तीस-चाळीस. हे आकडे मला पुढे पशुवैद्याने सांगितले. चाचांना आकडे ठाऊक नव्हते. त्यांना 'कालच्यासारखा' आणि 'कालच्यासारखा नाही' एवढे दोनच मापे ठाऊक होती.

घोड्याच्या अंगावरची लक्षणे पाहण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. शालिहोत्राच्या नावावर ते चालते. देवमण शुभ, अश्रुढाळ अशुभ, अमुक ठिकाणी गोम असली तर धन्याचा घात. 'यात काहीतरी गोम आहे' असे आपण रोज बोलतो, तेव्हा घोड्याच्या अंगावरच्या त्या केसांच्या वळणाचीच आठवण काढीत असतो. बाजारात आजही भोवरे पाहून भाव पडतो. मी चाचांना विचारले, चांदणीला गोम आहे का? "आहे ना, पोटाखाली. म्हणून तर स्वस्त मिळाली," ते म्हणाले. "गोम जन्मभर तिथेच राहते भाऊ. आज घोडी कशी आहे ते गोमेला काय माहीत?"

मंगळवारी सकाळी तोबऱ्याच्या तळाशी मूठभर चंदी उरली होती. चाचांनी ती हातात घेऊन हुंगली, पुन्हा तिच्या तोंडापाशी धरली. तिने ओठांनी चिवडून सोडून दिली. संध्याकाळी मी गेलो तेव्हा फुर्रर झाले नाही. मला त्यात विशेष वाटले नाही. रोज काय तोच उत्साह असतो?

बुधवारी सकाळी मी घाईत होतो. मांडवात पन्नास कामे. उभ्याउभ्या डोकावलो, तो चाचा बादलीपाशी उकिडवे बसलेले. "दोन घोट घेतले फक्त." घोडी उभी होती, दिसायला छान, शुभ्र. एकदा तिने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिले. मला वाटले, माशी असेल. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले. मी म्हटले, "चाचा, बरोबर तीनला साज चढवा हं," आणि निघालो.

दोन वाजता चाचांचा मुलगा मांडवात आला आणि त्याने माझ्या हातात दोन हजार रुपये ठेवले. "अब्बा म्हणतात, आज घोडी येणार नाही."

आता मांडवात काय झाले असेल, हे ज्यांनी मुलांची लग्ने केली आहेत त्यांना सांगायला नको. मावसभाऊ माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की जणू घोडी मीच. बँडवाले येऊन बसलेले, नवरदेवाच्या मित्रांनी घोडीपुढे नाचण्यासाठी पायांत नवे बूट चढवलेले. मी रिक्षा केली आणि तडक गल्लीत गेलो. जाताना रस्ताभर माझ्या मनात एकच विचार होता: कोणी जास्त पैसे देणारा भेटला. लग्नसराईत हे चालतेच.

मी चाचांना ते तोंडावर बोललो. आणखीही काही बोललो. इतकी वर्षे टांगा हाकूनही माणसाला शब्दाची किंमत नसावी, अशा अर्थाचे. चाचा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "भाऊ, पाच हजारांचं काम आहे. घरात मला ते नको झालेत का? आज हिचं मन ठिकाणावर नाही. काय आहे ते मलाही माहीत नाही. पण घोडी कालची नाही."

"दिसायला तर चांगली आहे!"

"दिसायला चांगली आहे," त्यांनी मान्य केले आणि तिच्या कुशीला कान लावून ते पुन्हा उभे राहिले. मी तणतणत परत आलो. नवरदेव फुलांनी सजवलेल्या मोटारीतून गेला. मित्र मोटारीपुढे नाचले. लग्न लागायचे काही राहिले नाही. पण मावशीने रात्री वाढताना माझ्या पानात बासुंदी जरा बेतानेच घातली, असे मला वाटले.

जेवण गोड लागेना. बोललो ते जास्त झाले असे एकीकडे वाटत होते, आणि दुसरीकडे असेही, की जाऊन पाहावे तर खरे, घोडी गोठ्यात आहे की दुसऱ्या कोणाच्या वरातीत. माणसाचे मन असेच असते. माफी मागायला निघतानाही ते पुरावा शोधीत असते. नऊ वाजता मी पूल ओलांडला.

घोडी गोठ्यात होती. जमिनीवर होती. मी पाहिले तेव्हा ती धडपडत उठली, पुढच्या पायाने माती उकरली, गुडघे मोडून पुन्हा खाली बसली आणि लोळायला लागली. पांढरे अंग घामाने काळवंडलेले, माघाच्या थंडीत त्यातून वाफा निघत होत्या. चाचांनी मला पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी लगामाची दोरी माझ्या हातात दिली. "लोळू द्यायचं नाही. चालवा." मी जन्मात घोडे चालवले नव्हते. चालवले.

दहाच्या सुमाराला पशुवैद्य आले. त्यांनी कुशीला नळी लावून ऐकले. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. आतड्यांचा आवाज जवळजवळ बंद होता. शूळ होता, चारा आतड्यात अडकून बसला होता. त्यांनी विचारले, चाऱ्यात काही बदल? लसूणघास महाग झाला म्हणून चार दिवसांपासून नुसता कडबा चालू होता. थंडीत पाणी कमी प्यायली, वर कोरडा चारा. एवढे पुरते. घोड्याला ओकता येत नाही, हे मला त्या रात्री प्रथम कळले. आपल्याला पोटात जड झाले तर एक वाट असते, त्या एवढ्या थोरल्या जनावराला तीही नाही. डॉक्टरांनी दुखणे कमी करण्याचे इंजेक्शन दिले, नाकातून लांब नळी पोटापर्यंत सोडली आणि तीतून तेल आणि मिठाचे पाणी घातले. मग खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आतून तपासले. सगळे झाल्यावर हात धुताना म्हणाले, "दुपारी कुठे कामाला नेली नव्हती ना? बँडपुढे तीन तास उभी राहिली असती, पाण्यावाचून, ओझ्यासकट, तर मला बोलावून उपयोग झाला नसता."

चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

रात्रभर आम्ही आळीपाळीने तिला फिरवले. गल्लीतून मोसमच्या काठापर्यंत आणि परत. दोन्ही बाजूंना माग चालू होते, रात्रपाळीचे विणकर दारात येऊन "कैसी है?" विचारून जात. कोणी चहा आणला. त्या शहरातून 'मालेगाव के शोले' नावाचा एक गमतीचा सिनेमा 2000 साली निघाला, त्यात दरोडेखोरांना घोड्यांऐवजी सायकली दिल्या होत्या. त्याची आठवण एका विणकराने काढली. "सायकलला शूळ होत नाही," तो म्हणाला. चाचा प्रथमच हसले.

चालताना मी त्यांना एक गोष्ट सांगितली. बर्लिनमध्ये एका निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा होता. तो खुराने जमिनीवर ठोके देऊन बेरजा-वजाबाक्या करी. 1904 मध्ये त्याच्यासाठी विद्वानांचे मंडळ बसले. पुढे फुंगस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढले, की घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर ठोका पडताच विचारणाऱ्याच्या मानेत, चेहऱ्यात जी सूक्ष्म हालचाल होई, ती घोडा टिपत होता. विचारणाऱ्याला स्वतःलाही तिचा पत्ता नसे. आणि अलीकडे, 2016 मध्ये, इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या काळजाचे ठोके लवकर वाढले.

चाचा थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "म्हणून दुपारी तुम्ही ओरडत होता तेव्हा मी तिच्या आणि तुमच्या मध्ये उभा होतो."

पहाटे साडेपाचला, बांग झाल्यावर, पुलाच्या अलीकडे चांदणी थांबली. शेपूट वर केली. चार कोरड्या गोळ्या पडल्या, मागोमाग तेलाने माखलेला मोठा ढीग. चाचांनी "या अल्ला" म्हणून रस्त्यातच बसकण मारली. मागांवरून माणसे धावत आली. लिदीच्या ढिगाभोवती दहा-बारा माणसे आनंदाने उभी आहेत, हे दृश्य मी त्याआधी पाहिले नव्हते. मीही त्यांत होतो. नव्या धोतराला तेल लागले होते.

गुरुवारी तिने ओल्या कोंड्याची पातळ पेज खाल्ली आणि अर्धी बादली पाणी प्यायली. कान अजून आडवे, थकलेले. पण दुपारी ती आडवी होऊन झोपली, अर्धा तास, पाय ताणून. चाचा दारात बसून पोरांना गप्प करीत होते. मागांचा आवाज चालेल, पोरांचा नाही. मावसभाऊ संध्याकाळी माझ्याबरोबर आला. त्याने ते दोन हजार रुपये चाचांपुढे धरले, डॉक्टरांच्या बिलाला म्हणून. चाचांनी घेतले नाहीत. "धाकट्याच्या लग्नाचा इसार म्हणून ठेवू का?" असे त्याने विचारले, तेव्हा घेतले. धाकटा सध्या नववीत आहे.

शुक्रवारी माझी दुपारची गाडी होती. पिशवी घेऊन जाता जाता गल्लीत वळलो. माग बंद होते, गल्ली चिडीचूप. चांदणी खुंट्याशी उभी होती, मान वर, एक कान गल्लीच्या तोंडाकडे, एक मागे. माझे पाऊल ओळखून फुर्रर करील अशी वेडी आशा मला होती. तिने माझी पिशवी हुंगली, शिंकली आणि तोंड फिरवले. चाचा नमाजाला गेले होते. ते येईपर्यंत गाडी चुकली तरी चालेल, असे मनाशी ठरवून मी डब्यावर बसलो आणि कोपऱ्यातली काठी उचलून दुसऱ्या डब्यावर ठेका धरला. खट-खट, खट-खट. चुकत होता, पण तिचा मागचा कान हळूहळू माझ्याकडे वळला.